बिनपायऱ्यांची वाट

चोंगछिंग, ८ मार्च २००४

ह्वाताई, नमस्कार.

परवा फोनवर आपण दोघी पुष्कळ बोललो आणि दोघींनाही काही कळलं नाही. तुम्ही तुमच्या वूशीच्या मऊ बोलीत काहीतरी विचारत होतात आणि मी जोरजोरात ‘हो, हो’ म्हणत होते. फोन ठेवल्यावर यालाननं विचारलं, “आई, कशाला हो म्हणालीस?” मला सांगता येईना. एका आईनं दुसऱ्या आईला न कळलेल्या प्रश्नावर होकार द्यावा, हे काही मनाला पटलं नाही, म्हणून हे पत्र. बोली निराळ्या असल्या तरी लिपी आपली एकच आहे. मी ज्या कशाला हो म्हणाले असेन, ते अजून धरून चालू नका.

मी थान शूहुई, यालानची आई. तंत्रशाळेत मुलांना नकाशे काढायला शिकवते. यालानचे वडील नदीवर फेरीबोट चालवतात. सगळं गाव त्यांना लाओ फू म्हणतं, मीही तेच म्हणते. तुमचा हाइफान गेली दोन वर्षं दर रविवारी आमच्याकडे जेवतो. पहिल्या दिवशी त्यानं रश्श्यातलं तिरफळ चुकून चावलं आणि ओठ बधिर झाल्यावर घाबरून म्हणाला, “मावशी, माझं तोंड कुठे गेलं?” आता तोच माणूस यालानच्या वाटीत डोकावून विचारतो, “मिरची संपली का?” ही बातमी तुम्हाला आनंदाची वाटेल की नाही, याची मला खात्री नाही.

आता मुद्द्याचं. त्याला शांघायच्या कंपनीचं बोलावणं आलं आहे. तिथून तुमचं घर हाकेच्या अंतरावर. इकडे डोंगराच्या कडेनं मोनोरेल उभी राहते आहे, ते काम त्याच्यानं सोडवत नाही. आणि यालानही. तो आम्हाला स्पष्ट म्हणाला, “आईला माझ्याशिवाय कोणी नाही. ती हो म्हणाली तर इथे राहीन आणि लग्न करीन. नाही म्हणाली तर जाईन.” मी यालानला एकटीला गाठून विचारलं, “आणि त्या नाहीच म्हणाल्या तर?” ती म्हणाली, “तर जाईल तो. न जाणारा असता तर मला आवडलाच नसता.” असं बोलणारी मुलगी आपण वाढवली याचा मला अभिमान वाटला आणि तिच्या पाठीत एक धपाटा घालावासाही वाटला.

तेव्हा मेच्या सुट्टीत तुम्ही या. आमचं गाव पाहा, आमचं घर पाहा, आम्हाला पाहा. पाहिल्याशिवाय हो म्हणू नका, आणि नाहीही म्हणू नका.

आपली,
थान शूहुई


वूशी, २१ मार्च २००४

थानताई,

फोनवर मी विचारलं होतं, “तुमच्या घराच्या भिंतींना ओल येते का?” तुम्ही तीनदा, मोठ्या आनंदानं, हो म्हणालात. मी म्हटलं, बाई निदान खरं बोलणारी आहे.

मी येते. हाइफान मला फोनवर सांगतो, आई, इथे सगळं छान आहे. मुलगा ‘सगळं छान आहे’ म्हणाला की मी पायात चपला सरकवते आणि निघते.

मला गोड बोलता येत नाही, स्वयंपाक तेवढा गोड येतो. रेशमाच्या गिरणीत मी उभं आयुष्य उभ्यानं काढलं. हाइफानचे वडील तो शाळेत असतानाच गेले. मी त्याला वाढवला, असं लोक म्हणतात. पण तो सरळ मुलगा आहे, माझ्या मागून वाढत आला, इतकंच. ऐकते की तुमच्याकडे बायकोच्या धाकात राहणाऱ्या नवऱ्याला मऊ कानाचा म्हणतात, आणि तो ते गावभर मिरवतो. माझ्या मुलाचे कान लहानपणापासूनच मऊ आहेत, त्यामुळे त्याची मला विशेष काळजी नाही. ते कुणाच्या हातात जातात एवढंच बघायचं आहे.

आणखी दोन-तीन गोष्टी विचारते. तुमचं घर कितव्या मजल्यावर आहे? लिफ्ट आहे का? बाजार लांब आहे का, आणि तिथे कसं जातात? सहज विचारते. सामान किती आणायचं ते ठरवायला बरं.

ह्वा पेइयिंग


चोंगछिंग, ६ एप्रिल २००४

ह्वाताई,

मजल्याचं उत्तर आमच्या गावात कोणी एका वाक्यात देत नाही. नदीकडून आलात तर आमचं घर उंच आहे, वरच्या रस्त्याकडून आलात तर तळघरात आहे, आणि मधल्या पुलावरून आलात तर अगदी दारात. पोस्टमन तिन्हीकडून येतो आणि तिन्हीकडून कुरकुरतो. तुम्ही त्याची चिंता करू नका. तुम्हाला कुठून कसं न्यायचं, ते माझ्यावर सोपवा. माझा धंदाच तो आहे.

ओल येते. ते मात्र तुम्ही धरून चाला.

साखर आणून ठेवली आहे. एवढी पुडी पाहून दुकानदार म्हणाला, “शूहुई, जावई आणतेयस की मुंग्या पाळतेयस?” वूशीच्या पद्धतीच्या गोड फासळ्या मी दोन रविवार करून पाहिल्या. लाओ फूंनी एक तुकडा खाल्ला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “छान आहे. जेवण झाल्यावर खायचं का हे?”

वाट पाहते.

शूहुई


वूशी, १४ मे २००४

थानताई,

चार दिवस तुम्ही माझं फार केलंत. त्याबद्दल आभार आधी मानते, म्हणजे पुढचं लिहायला मी मोकळी. हे तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं. पण ज्या घरात जेवले त्या घरात भांडायचं मला जमलं नाही.

स्टेशनावर उतरल्यापासून तुम्ही मला एकाही सरळ रस्त्यानं नेलं नाहीत. आधी तो डोंगरभर लांब सरकता जिना, तिथवर ठीक. मग कुठल्याशा कचेरीच्या मागच्या बाजूनं आत शिरलात. तिथला पहारेकरी म्हणाला, “थानबाई, आज पण?” आणि तुम्ही त्याला डोळ्यांनी गप्प केलंत. लिफ्टनं वर आलो ते एका खाणावळीच्या मुदपाकखान्यात. तिथे न्हाणीघराएवढ्या कढईत चरबी आणि मिरच्या परतत होते. माझ्या नव्या कोटाला अजून खोकला येतो. आणि मग भुयार. थानताई, भुयार! जुन्या बाँबहल्ल्यांच्या वेळचं, पाणी ठिबकणारं. आत गारव्याला बसून म्हातारे उघड्या अंगानं माजोंग खेळत होते. त्यांतल्या एकानं विचारलं, “या कोण?” तेवढी तुमची बोली मला कळते. तुम्ही म्हणालात, “पाहुण्या आहेत.” हाइफानची आई म्हणाला नाहीत. नावही सांगितलं नाहीत.

तिसऱ्या दिवशी तुमच्या खिडकीत उभी राहिले तेव्हा समोर रुंद दगडी पायऱ्यांचा रस्ता दिसला. दोन्ही बाजूंना दुकानं, पायरीपायरीवर उभ्या राहून गप्पा मारणाऱ्या बायका, भाजी निवडणाऱ्या म्हाताऱ्या. तुमच्या घराचं पुढचं दार त्या रस्त्यावर उघडतं. चार दिवसांत त्या दारातून मी एकदाही आत आले नाही की बाहेर गेले नाही. तुमच्या एकाही शेजारणीनं मला पाहिलं नाही.

आमच्या गिरणीत मोठ्या साहेबांकडे पाहुणे यायचे असले की आम्हाला मागच्या दारानं काढत. मागचं दार कशासाठी असतं, ते मला कुणी समजावून सांगायला नको.

तुमच्या तिखट हंडीतली वजरी सुंदर होती, हे नाकारणार नाही. मुलगीही चांगली आहे. पण ज्या घराला माझी लाज वाटते त्या घरात मी माझा मुलगा देणार नाही. शांघायची नोकरी घे, असं मी त्याला कळवलं आहे.

ह्वा पेइयिंग


चोंगछिंग, २३ मे २००४

ह्वाताई,

तुमचं पत्र मी आधी उभ्यानं वाचलं आणि रागावले. मग बसून वाचलं. मग लाओ फूंना दिलं. ते भुयारापर्यंत पोचले आणि इतके हसले की चहा सांडला. “होणाऱ्या विहिणीला भुयारातून आणलीस? अगं, मला सांगायचं होतंस, मी बोटीनं आणली असती!” मी म्हटलं, “आणि बोटीवरून घरी काय उडत आल्या असत्या?” तेव्हा त्यांनी सांडलेला चहा पुसायला घेतला. कारण धक्क्यावरून आमच्या घरापर्यंत काय आहे ते त्यांना माहीत आहे.

मी हाइफानला दिलेला शब्द आज मोडते. तुमच्या येण्याआधी तो मला एकट्यात म्हणाला, “मावशी, आईच्या उजव्या गुडघ्यात काही राहिलेलं नाही. ती कुणाला सांगत नाही. चढताना दात दाबते, उतरताना रडकुंडीला येते आणि विचारलं की म्हणते, बुटाचा दोष आहे. मी तुम्हाला हे सांगितलं असं तिला कळलं तर ती येणारच नाही.” मी त्याला म्हटलं, काळजी करू नकोस, तुझ्या आईला या गावात एकही पायरी चढावी लागणार नाही.

सगळे रविवार मी त्यात घालवले. पायऱ्यांच्या गावात पायरी टाळून कसं जायचं, हे इथल्या जुन्या माणसांनाही पूर्ण ठाऊक नसतं. या इमारतीत तळाशी शिरायचं, वर निघून त्या गल्लीत जायचं, मधला उंचवटा भुयारातून चुकवायचा. कचेरीच्या पहारेकऱ्याची परवानगी काढली. त्याचं ‘आज पण?’ हे त्यामुळे. ती वाट मी इतक्यांदा चालून पाहिली होती की तो कंटाळला होता. खाणावळीची मालकीण माझी जुनी विद्यार्थिनी. आणि पाहुण्या म्हटलं त्याचं कारण एवढंच की तुम्ही हो म्हणायच्या आधी तुम्हाला विहीण म्हणायचा मला हक्क नव्हता. त्या म्हाताऱ्यांना मी तो शब्द दिला असता तर संध्याकाळपर्यंत नदीपलीकडून अभिनंदनं आली असती.

इथवर लिहून मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणूनच मी लेखणी खाली ठेवली. दोन दिवस तशीच ठेवली. कारण वर लिहिलेलं सगळं खरं आहे आणि तरी ते पुरतं खरं नाही.

तुमचा गुडघा जपायचा होता. पण तेवढंच असतं तर मी तुम्हाला पहिल्या दिवशी खिडकीशी नेऊन म्हटलं असतं, “हा बघा आमचा रस्ता, हा असा उभा आहे, आज आपण दुसरीकडून जाऊ.” मी तसं म्हटलं नाही. तुम्ही त्या खिडकीकडे गेलात की मी चहा आणत होते. मला तुमचा होकार हवा होता. त्या पायऱ्या पाहून तुमच्या मनात आलं असतं की म्हातारपणी या गावात मुलाकडे राहणं आपल्या पायांना झेपायचं नाही. तसं तुमच्या मनात येऊ नये, म्हणून मी गावातून डोंगरच काढून टाकला. नकाशावर चढ न दाखवणाऱ्या विद्यार्थ्याला मी नापास करते. आणि इथे मीच तसा नकाशा काढला, वर त्याला पाहुणचार म्हटलं.

तेव्हा खरा नकाशा आता देते. ती वाट रोजची नाही. कचेरी सुट्टीला बंद असते, तुमच्यासाठी पहारेकऱ्यानं मागचं दार तेवढं उघडलं; मुदपाकखान्यात ओळखीशिवाय कोणी शिरू देत नाही, भुयार थंडीत कुलूपबंद. रोजचं म्हणजे तुम्ही खिडकीतून पाहिलात तो रस्ता. तो पावसात निसरडा होतो. आम्ही भाजी त्यावरून आणतो, लेकरं त्यावरून शाळेत नेतो, आजाऱ्याला पाठुंगळीला मारून त्यावरूनच उतरवतो. लग्न झाल्यावर मुलं कुठेही घर घेवोत, गाव तेच राहणार. तुम्ही नाही म्हणणार असाल तर या गावाला म्हणा. मी दाखवलेल्या गावाला नको, ते नव्हतंच.

आमच्या घराला तुमची लाज कधी वाटली नाही. तुमचं पत्र आल्यापासून माझी मात्र थोडी वाटते आहे.

शूहुई


चोंगछिंग, ९ ऑगस्ट २००४

ह्वाताई,

तुमचं उत्तर नाही. हे पत्र त्याची आठवण करायला लिहीत नाही, निदान तसं मी स्वतःला बजावलं आहे.

इकडे गाव भट्टीसारखं तापलं आहे. आणि नेहमीप्रमाणे लोक अशा उन्हातच हंडीभोवती जास्त बसतात. नवरे शर्ट काढून, बायका पंखा हलवत. हाइफाननं शांघायला अजून उत्तर धाडलेलं नाही. नोव्हेंबरपर्यंत मुदत मागून घेतली आहे. तो रविवारी येतो, जेवतो, भांडी घासतो, तुमच्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. मीही विचारत नाही. लाओ फू मध्ये बसून एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघतात आणि म्हणतात, “नदीला पाणी चढलंय हं.”

गेल्या आठवड्यात मी मिरच्या चिरत होते. यालान मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आई, मीच जाते शांघायला.” मी म्हटलं, “जा की. इस्पितळं सगळीकडे असतात, परिचारिका सगळ्यांना लागतात.” अगदी सहज म्हटलं. मग तोच मिरचीचा हात डोळ्याला लावला. डोळा धुवायला गेले ती बराच वेळ धुतच बसले. यालान बाहेरून विचारते, “आई, झालं का?” मी सांगते, “फार जळजळतंय गं.” मिरची एवढी जळजळत नाही हे तिलाही कळतं. जन्म इथला आहे तिचा.

तुमच्याकडे मी काय मागत होते ते त्या दिवशी मला कळलं. त्याआधी मी ते फक्त लिहीत होते. एकुलतं एक पोर दूर देणं मला जमेल का, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर आलं की जमेल, पण मी कुणाच्या सांगण्यावरून देणार नाही, माझी मी देईन. म्हणून मी आता तुमच्याकडे काही मागत नाही. पोरं आपली वाट काढतील, दोन्हीकडच्या नोकऱ्या पाहून ठरवतील.

तुम्ही नाही म्हणालात तर मी वाईट वाटून घेणार नाही, असं लिहिणार होते. खोडलं. वाटून घेईन. पण पत्र लिहीत राहीन.

शूहुई


वूशी, १९ सप्टेंबर २००४

थानताई,

उत्तर दिलं नाही, कारण मी रागावले होते. आधी तुमच्यावर, मग माझं गुपित फोडणाऱ्या हाइफानवर, मग गुडघ्यावर. तुम्ही दोघं लांब आहात, त्यामुळे तुमच्यावरचा राग उतरला. गुडघा घरातच असतो, त्याच्यावरचा टिकला.

त्याला घेऊन डॉक्टरकडे गेले. इतकी वर्षं गेले नव्हते, कारण डॉक्टर म्हणजे काय सांगणार, विश्रांती घ्या. या डॉक्टरीणबाई निराळ्या निघाल्या. फोटो पाहून म्हणाल्या, “सांधा झिजलाय, तो काही परत यायचा नाही. पण मांडी तुमची अगदीच आळशी आहे. तिला कामाला लावा, म्हणजे गुडघ्यावरचा भार ती उचलेल.” गिरणीत आयुष्य गेलेल्या बाईच्या मांडीला आळशी म्हणाली! मी घरी आले आणि त्या दिवसापासून आमच्या इमारतीचा जिना चढायला लागले. खालून वर, वरून खाली, कठडा धरून. पहिल्या आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या चूबाईंनी दार उघडून विचारलं, “अहो, किल्ल्या विसरल्या का? सकाळपासून येरझाऱ्या चाललेल्या दिसतात.” मी म्हटलं, “व्यायाम करते.” त्या म्हणाल्या, “या वयात? कुणी पसंत पडलाय का?” आता सगळी इमारत मला वाटेत पाणी विचारते. दर सकाळी बागेमागच्या टेकडीवरही जाते. तुमच्याकडे तिला टेकडी म्हणणार नाहीत, उंबरा म्हणतील.

चढणं जमतं. उतरताना अजून दुखतं. मी खोटं सांगणार नाही. खोटं सांगून आपल्या दोघींचंही काय झालं ते पाहिलंच. तुम्ही पायऱ्या लपवल्यात, मी गुडघा लपवला. तुम्हाला माझा होकार हवा होता. मला तुमच्यासमोर धडधाकट दिसायचं होतं, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारी मुलाच्या गळ्यात पडायला आली. तुमच्या मुदपाकखान्यातून चालताना मी मनात म्हणत होते, बरं झालं, एकही पायरी नाही लागली! आणि त्याच वेळी रागावतही होते. आता हे कुणाला सांगायचं?

तुमचा तो मिरचीचा हात वाचून मी आधी हसले. मग हसू गेलं.

तुमच्या मुलीला शांघायला पाठवू नका. निदान एवढ्यात नको. मी ऑक्टोबरात, उन्हाळा सरल्यावर येते. हो म्हणायला येत नाही. तुमचा रस्ता बघायला येते, खालून वर, माझ्या पायांनी. स्टेशनावर कुणी यायचं नाही. मुलांना सांगायचं नाही. सामान कावडवाल्याला देईन, मला मात्र कुणी उचलायचं नाही. हे सगळं पाळणार असाल तर कळवा, नाहीतर मी धर्मशाळेत उतरेन.

ह्वा पेइयिंग


चोंगछिंग, २७ सप्टेंबर २००४

ह्वाताई,

सगळं पाळते. लाओ फूंना फक्त सांगितलं, कारण त्यांच्यापासून लपवायचं म्हणजे मला आठवडाभर गप्प बसावं लागलं असतं आणि ते त्यांना लगेच समजलं असतं. ते म्हणतात, बाई बोटीवर हव्या होत्या.

शूहुई


चिठ्ठी, १० ऑक्टोबर २००४, पायथ्यावरून

थानताई,

आले. पायथ्याला नूडलच्या दुकानात बसले आहे. मालकानं न विचारता मिरची घातली, मी न विचारता खाल्ली. हा कावडवाला ल्वो माझी पेटी घेऊन पुढे येतो आहे, त्याच्या हाती ही चिठ्ठी. मी मागून चढते. खाली यायचं नाही. आणि खिडकीत उभ्या राहू नका, इथून दिसता.

ह्वा


चिठ्ठी, त्याच दिवशी, घरातून

ह्वाताई,

खिडकीतून बाजूला झाले. लाओ फूंनाही केलं, ते पडद्याआड होते.

पहिलं वळण सगळ्यात उभं आहे, तिथे घाई करू नका. भिंतीकडून चला, बाहेरच्या कडेचे दगड झिजले आहेत. दुसऱ्या वळणावर चहावाल्याचं बाकडं आहे, तिथे सगळेच बसतात, आम्हीही. त्यानंतरचा भाग दिसतो त्यापेक्षा लांब आहे. यात मी काहीही गाळलेलं नाही. उतरताना काय करायचं ते आपण दोघी मिळून पाहू.

दार उघडं आहे. पुढचं.

शूहुई


चिठ्ठी, त्याच दिवशी, चहावाल्याच्या बाकड्यावरून

विहीणबाई,

इथेच बसून लिहिते. वर आले की जेवणाच्या गडबडीत राहून जाईल.

मी ठरवून आले होते की पायऱ्या चढून पाहायच्या, झेपल्या तर हो म्हणायचं, नाहीतर नाही. आता अर्ध्या वाटेवर बसून पाहते तर प्रश्न तो नाहीच. आज झेपल्या. दहा वर्षांनी झेपणार नाहीत, ते मला आत्ता इथेच कळतं आहे. मग दहा वर्षांनी काय, माझा ‘हो’ परत घेऊ? इथून खाली नदीकाठानं मोनोरेलचे खांब दिसतात. काही अजून नुसतेच, वर रूळ नसलेले. यांतले कोणते हाइफानचे, ते मला माहीत नाही. त्यानं फोनवर सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं, कारण तो शांघायला येणार की नाही एवढंच मला ऐकायचं असे. आज संध्याकाळी विचारीन. माझ्या गुडघ्याच्या सोयीसाठी या पोराला सपाट गावात नेऊन बसवणारी मी कोण?

तो इथेच राहील. लग्न वसंतात, आमच्याकडे वूशीला. त्या दिवशी सगळं गोड असेल आणि तुम्ही ते खायचं, लाओ फूंनीही, जेवणाच्या सुरुवातीलाच.

एक आत्ताच सांगून ठेवते. म्हातारपणी मी इथे राहायला येणार नाही. माझं घर आहे, तळं आहे, चूबाई आहेत. झेपेल तोवर दर वर्षी येईन आणि चढेन. झेपेनासं झालं की तुम्ही सगळ्यांनी खाली यायचं. उतरायची सवय तुम्हा लोकांना आहेच.

चहावाल्यानं मघाशी विचारलं, “कुणाकडे जायचं?” मी म्हटलं, “थानबाईंकडे. त्यांची विहीण मी.” तर रस्त्यावरच्या तीन बायका भाजी टाकून आल्या. एक माझा कोट चाचपते आहे, दुसरी विचारते, वूशीत भातावर पण साखर घालतात का, आणि तिसरी तुमच्याबद्दल असं काही सांगते आहे की ते मी घरी आल्यावर विचारीन.

ल्वो चिठ्ठीसाठी डोक्याशी उभा आहे. म्हणतो, “मावशी, तुमच्या कागदापायी मी एकदा वर जाऊन आलो, आता पुन्हा चाललो. लिहीत बसण्यापेक्षा चालला असतात तर एव्हाना जेवायला बसला असतात.”

बरोबर आहे त्याचं. उठते.